आहे त्या उंचीवर

१

रविवारी आमच्या घरात आधी सायकलीची आंघोळ होते, मग माणसांची. लग्नाला सहा वर्षं झाली, यात बदल नाही. नवरा पहाटे घाटात जाणार, अकराच्या सुमाराला चिखल किंवा धूळ घेऊन येणार, न्हाणीघर अडवून चाकं धुणार, आणि मी बाहेरून ओरडणार की पोहे गार झाले.

मी पिरंगुटला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट मोजायचे, मापात नसला की लाल ट्रेमध्ये टाकायचा. घरी मात्र लाल ट्रे नाही, त्यामुळे सगळं साठतं. पिरंगुटलाच तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके, लिफ्ट नाही, त्यात मी, माझा नवरा बुद्धभूषण, सासूबाई, आणि गॅलरीत, पलंगामागं, कपाटावर सायकली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या परदेशी माउंटन बाइक. शॉकअप नाही, डिस्क ब्रेक नाही, पोलादी फ्रेम आणि अंगठ्यानं ढकलायचे गिअर. भूषण पौडला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि उरलेल्या वेळात असल्या म्हाताऱ्या सायकलींची सेवा करतो.

या वेडात त्याचा जोडीदार शेखर. घाटाखालच्या मुठा गावचा, घरची जमीन रस्त्याकडेला. तिथं त्याची पत्र्याची शेड आहे. आधी कोंबड्या होत्या, आता सायकली टांगल्यात. दोघं मिळून जुनी गाडी शोधतात, खोलतात, पुन्हा उभी करतात, तोवर अगदी गळ्यात गळा. उभी राहिली की भांडण. शेखर म्हणणार, हिला टांगून ठेवू, चालवली की झिजेल. भूषण म्हणणार, न चालवलेली सायकल म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. मी दोघांनाही वेड्यात काढायचे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत. नवी दुरुस्त झालेली सायकल पहिल्यांदा चालवायची ती आधीच्या मालकाच्या मापावर. सीट ज्या उंचीवर आली तिथंच, हँडल ज्या कोनात आलं तसंच. तशी एक फेरी मारायची, टेमघरचा घाट वर आणि खाली, मग पाना हातात घ्यायचा आणि आपलं माप लावायचं. भूषण म्हणायचा, आधी त्याला मान द्यायचा, मग आपली करायची. मला पोरखेळ वाटायचा, पण दारूपेक्षा बरा म्हणून मी बोलायचे नाही.

२

ती जांभळी सायकल दिवाळीनंतर आली. मुठ्यातल्या एका विकेंड बंगल्यात राखण करणाऱ्या सगुणाबाईंनी अडगळ बाहेर काढली होती, शेखरनं ती भंगारवाल्याच्या आधी उचलली. जांभळा रंग खाली जाता जाता पिवळा होत गेलेला. दोघं तिच्याभोवती नवी सून आल्यासारखे फिरत होते. चालवायची ती भूषणनं, असं ठरलं.

फ्रेम मोठी होती. माझा नवरा माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे सांगण्यासारखा नाहीच. सीट त्याच्या छातीशी येत होती. मी विचारलं, हिचा मालक होता तरी केवढा? सगुणाबाई म्हणाल्या, "साह्यब लई उच होता. दारातनं वाकून यायचा." पुढं काय झालं त्याचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एका उन्हाळ्यात यायचा बंद झाला, एवढंच.

सायकल महिनाभरात चकाचक झाली. फक्त सीटची दांडी हलेना. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत वर्षानुवर्षं बसली की आतल्या आत धरते, असं भूषणनं मला विज्ञानाच्या तासासारखं समजावलं. त्यांनी तेल सोडलं, उकळतं पाणी ओतलं, दांडी शिकंज्यात धरून दोघांनी मिळून फ्रेम फिरवली. काही नाही. कापून काढता आली असती, पण शेखर ओरिजिनल पार्टला करवत लावणाऱ्यातला नाही.

पहिली फेरी नियमाप्रमाणे तशीच झाली. भूषणच्या पायाची नुसती बोटं पेडलला टेकत होती, उतरताना तो कठड्याला धरून उतरला. शेखरनं हसून सांगितलं, ही टांगून ठेवू, तुझ्या मापाची नाही. पण भूषणला ती सोडवेना. पुढच्या रविवारी तीच काढली, त्याच्या पुढच्या रविवारीही. दांडीचं काय, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "ती हलत नाही तर राहू दे. मीच ॲडजस्ट होईन."

मी त्यावर हसले होते.

३

जानेवारीत एका सकाळी तो चहा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि दारात वाकला. मान खाली, खांदा किंचित तिरका, आणि आत आल्यावर सरळ. आमची दारं बिल्डरनं सगळ्यांना लावतात तशीच लावलीत. त्याच्या डोक्यावर हातभर जागा उरते.

मी म्हटलं, काय रे, मुकुट घातलायस का? त्यानं कळलं नाही असं बघितलं. परत जाताना पुन्हा वाकला.

सवय असते एखादी, लागते आणि जाते. मीही महिनाभर उजव्या हातानं डावा कान धरून बसत होते म्हणून आईनं मार दिला होता. मान आखडली असेल, घाटात सायकलवर तासन् तास वाकून बसतो, असं मी स्वतःला समजावलं. पण मग मी मुद्दाम बघायला लागले. न्हाणीघराच्या दारात वाकायचा. बसच्या दारात वाकायचा. पंख्याखालून जाताना त्याची मान बाजूला व्हायची.

सासूबाईंना, भीमाबाईंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक ऑपरेशन झालं, ते नीट बसलं नाही. त्या माणूस पावलावरून ओळखतात. जिन्यात दूधवाला आला की दुसऱ्या मजल्यावर असतानाच मला पातेलं घ्यायला सांगतात. एका संध्याकाळी त्या हॉलमध्ये दिवाणावर बसल्या होत्या, जिन्यात पावलं वाजली, आणि त्यांनी पदर सावरला.

"कोन पाव्हनं आलंय गं?"

दार उघडून भूषण आत आला. मी म्हटलं, आई, भूषण आहे. तो त्यांच्याजवळ बसला, मीच आहे म्हणाला. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानावरून, हनुवटीवरून. मग हात मांडीवर ठेवला.

"आवाज त्याचाच हाय," म्हणाल्या.

मीही त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. भूषण पायऱ्या दुडूदुडू चढायचा, शाळेतल्या पोरासारखा. आता एक पाऊल, मग थोडी गॅप, मग दुसरं. दोन पायऱ्या एका टांगेत.

४

मी क्वालिटीतली बाई. शंका आली की मोजायचं. भूषणला म्हटलं, चपला काढून दाराच्या चौकटीला टेकून उभा राहा. तो हसत उभा राहिला. मी डोक्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली, पेन्सिलची रेघ मारली, टेप लावला. एकशे त्रेसष्ट. लग्नाच्या वेळी बायोडेटात एकशे पासष्ट लिहिलं होतं, ते खोटं निघालं तेव्हापासून मला त्याची खरी उंची पाठ आहे.

माझा जीव भांड्यात पडला. टेप खोटं बोलत नाही. वाकायचं ते वाकू दे.

पण गोष्टी थांबल्या नाहीत. माळ्यावरचा डाळीचा डबा त्यानं स्टुलाशिवाय काढून दिला. मी बघितलं तेव्हा डबा त्याच्या हातात होता, काढताना बघितलं नाही, त्यामुळे वाद घालता येईना. पलंगावर माझे पाय रात्रभर त्याच्या पायांना लागत नव्हते, आणि सकाळी गादीची खालची कड दबलेली असायची. मला तो आधी वैशू म्हणायचा, रागात वैशे. आता वैशाली म्हणायला लागला, अगदी नीट, गोड. कधी चिडायचा नाही. न्हाणीघर स्वच्छ करून ठेवायचा. मैत्रिणीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुझं सुख तुला टोचतंय.

सासूबाईंनी त्याच आठवड्यात धाकट्या लेकीकडं, वृषालीकडं, नेऱ्याला जायचं काढलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तिकडं ऊन चांगलं येतं. रिक्षात बसवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"भूषन आला की मला कळव," म्हणाल्या.

मी घरी येऊन रडले. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणावं, तर माझंही फिरलं म्हणावं लागलं असतं.

रविवारी मी पुन्हा माप घेतलं. तो तसाच चौकटीला टेकला. मी पट्टी ठेवली, रेघ मारली. आधीच्या रेघेवर तंतोतंत. टेप लावला, एकशे त्रेसष्ट. मी त्याला बरं म्हटलं, तो वाकून स्वयंपाकघरात गेला. मग मला कळलं की मी स्टुलावर उभी आहे.

पट्टी डोक्यावर ठेवायला स्टूल कधी ओढलं ते मला आठवत नव्हतं. खाली उतरले. त्या दोन्ही रेघा, एकावर एक, माझ्या डोक्याच्या दोनच बोटं वर होत्या. तिथवर माझा हात स्टुलाशिवाय पोचतो.

मी त्याच स्टुलावर बसले. टेप हातात होता. आयुष्यभर ज्याच्या भरवशावर भाकरी खाल्ली तो टेप मला सांगत होता की सगळं मापात आहे. आता कुणाला काय दाखवणार होते मी?

५

शेखरला फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. मग त्याचं ऐकायची पाळी माझी आली.

महिन्याभरापूर्वी तो मोटरसायकल घेऊन भूषणबरोबर घाटात गेला होता. वर टपरीवर चहा झाला, भूषण जांभळी घेऊन पुढं उतरला, शेखर पैसे देऊन मागनं निघाला. कठड्याच्या मोठ्या वळणावर त्याला रस्त्याच्या कडेनं कुणीतरी चालत चढताना दिसलं. भूषणचा निळा शर्ट, भूषणची फेंगडी चाल. दोन्ही हात पुढं धरलेले, हँडल धरल्यासारखे, हातात काही नाही. पंक्चर झाली असेल म्हणून शेखर थांबला, मागं वळून बघतो तर रस्ता मोकळा. खाली मुठ्यात पोचला तर भूषण शेडपाशी केव्हाच येऊन थांबलेला, हँडलवर रेललेला. एक पाय सपाट जमिनीवर.

"त्या शिटावर बसून त्याचा पाय जमिनीला कसा टेकंल, वहिनी?" शेखर म्हणाला. "मी तवाच बोलायला पायजे व्हतं. पन काय बोलनार?"

त्यानंतर तो दोनदा एकटाच त्या वळणावर जाऊन थांबला होता. दोन्ही वेळा तो निळा शर्ट दिसला होता, दोन्ही वेळा खालच्या वळणावर, पाठमोरा.

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, खरं सांगते. मला बरं वाटलं. म्हणजे माझा भूषण कुठंतरी होता. फेंगडा, चिडका, न्हाणीघर घाण करणारा. तो मला परत हवा होता, एवढंच. त्यासाठी काय करायचं ते मला आणि शेखरला एकदमच सुचलं, कारण त्याच्या आणि भूषणच्या खेळात एक पायरी राहून गेली होती. मान देऊन झाला होता, पुन्हा पुन्हा देऊन झाला होता. आपलं माप लावायचं राहिलं होतं.

६

मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकली. भूषण, म्हणजे घरात होता तो, शाळेत गेला होता. शेखर पिकअप घेऊन आला, आम्ही जांभळी खाली उतरवली आणि मुठ्याला शेडमध्ये नेली. शेखरनं करवत आणली होती. ओरिजिनल गेलं खड्ड्यात, असं त्यानंच म्हटलं. पण आधी सवयीनं सीट हातात धरून पिळून बघितली.

दांडी सर्रकन वर आली. तेलातनं काढल्यासारखी. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी भूषणच्या जुन्या सायकलीवरनं पेडल ते सीट माप घेतलं, टेपनं, दुसरं माझ्याकडं काय होतं? शेखरनं दांडी त्या मापावर आणून बोल्ट आवळला. सीट एवढी खाली गेली की सायकल वेगळीच दिसायला लागली. शेखरनं ती फडक्यानं पुसली, चाकात हवा बघितली, आणि त्याचे डोळे भरून आले. मी दुसरीकडं बघितलं.

वळणावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वणव्यानं डोंगर काळा केला होता, जळक्या गवताचा वास येत होता. सायकल कठड्याला टेकवून ठेवली आणि आम्ही पिकअप थोडी वर, झाडाखाली लावली. एक दोन गाड्या गेल्या. पुण्याची पोरं सेल्फी काढून गेली, सायकलीला कुणी हात लावला नाही. मग रहदारी थांबली. मी मनात म्हणत होते, ये, भूषण, ये ना. घरी नेते तुला. आईला फोन करते.

मोबाइल वाजला. मेसेज भूषणच्या नंबरवरनं.

"घरी आलो. सायकल नाही. येतोय."

मी शेखरला दाखवला. आम्ही कुठं आहोत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यानं किल्लीला हात घातला, मग माझ्याकडं बघून काढून घेतला. मी म्हटलं, थांबू या. पिरंगुटहून यायला वेळ लागेल.

७

तो खालच्या वळणावरून आला. निळा शर्ट, उन्हानं विटलेला. हात पुढं धरलेले, मुठी आवळलेल्या, चढ लागल्यासारखी मान खाली. कठड्यापाशी आला आणि सायकल दिसल्यावर थांबला. हात हळूहळू खाली आले. त्यानं बाहीनं सीट पुसली. माझ्या नवऱ्याशिवाय असं कुणी पुसत नाही, आधी सीट, मग हँडलची डावी मूठ, मग उजवी.

मी गाडीतनं उतरले. शेखरही उतरला, पाना अजून त्याच्या हातात होता. मी धावले नाही, मला वाटलं बिथरेल. चालत गेले. तो तोवर टांग टाकून बसला होता. पाय जमिनीला बरोबर टेकत होता, बोटंच, जशी टेकायला हवीत तशी. इतकं बरोबर माप मी नोकरीत कधी लावलं नसेल.

"भूषण," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली. वाळलेला, काळवंडलेला, ओठ फुटलेले, पण तोच. मला त्यानं ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, मी ते बघितलं, ते मला कुणी खोटं पाडू शकत नाही.

"वैशू," तो म्हणाला.

मी हात पुढं केला. एका माणसाचं अंतर राहिलं होतं. आणि मग त्याची नजर माझ्यावरनं वर सरकली. माझ्या डोक्याच्या वर, आणखी वर, मान मागं होईपर्यंत. त्याचं तोंड उघडलं. रस्त्यावर माझी सावली माझ्यापुढं पडली होती, ती दिसेनाशी झाली होती, कारण दुसरी तिच्यावर होती.

माझ्या खांद्यावर हात पडला. जड नाही, ऊबदार. माझ्या नवऱ्याच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "वैशाली, चल. अंधार पडायच्या आत पोचू."

मी मागं वळले नाही. मला वळायचं होतं, ओरडायचं होतं, त्या हाताला चावायचं होतं. मी तशीच उभी राहिले, हात पुढं करून. भूषणनं पेडल मारलं. आता त्याला सगळं नीट पोचत होतं, पाय, हात, सगळं. चालत तो कुठवर गेला असता? मी गाठलं असतं. सायकल आम्हीच आणून दिली होती, त्याच्या मापाची करून. तो वळणावरनं वर गेला, खिंडीत पोचला आणि पलीकडच्या उताराला लागला. चाकाची टकटक बराच वेळ ऐकू येत राहिली, मग आली नाही.

खांद्यावरचा हात मला हलकेच वळवून पिकअपकडं घेऊन गेला. माझे पाय चालत होते.

शेखर दाराशी उभा होता. दहावीपासूनचा भूषणचा मित्र तो, भूषण्याशिवाय कधी हाक मारली नाही. त्यानं पाना खिशात घातला, दार पूर्ण उघडलं, आणि मान वर करून बघितलं.

"बसा, साह्यब," म्हणाला.

मी आत शिरले आणि सरकून जागा केली.